फोटोवरून एफएएसडी ओळखणारं ॲप घ्यावं का? स्वस्त आणि झटपट तपासणीबद्दल सल्ला हवा

जास्वंदी
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात विशेष शिक्षिका आहे. संस्था छोटी. एका बालगृहातली आणि आसपासच्या गावांतली मुलं आमच्याकडे येतात. त्यातल्या काहींच्या आया हातभट्टीवर कामाला होत्या, काही स्वतः घेत होत्या, असं आजीकडून किंवा शेजारणीकडून कानावर येतं. ही मुलं बोलायला चुणचुणीत, लगेच गळ्यात पडणारी. पण शिकवलेलं टिकत नाही, पैशांचा हिशेब जमत नाही, घड्याळ कळत नाही, आणि कुणी सांगेल त्याच्या मागे जातात. शाळेचा शेरा ठरलेला: "आळशी व खोडकर".

आईने गरोदरपणात दारू घेतली तर बाळाच्या मेंदूवर कायमचे परिणाम होऊ शकतात, त्या सगळ्या प्रकारांना मिळून एफएएसडी (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर) म्हणतात, एवढं मला माहीत आहे. पण नीट निदान करायचं तर डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, वाचा-भाषातज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा चौघांनी मूल बघायला हवं. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या खेपा. आजीचा रोज बुडतो, ती पहिल्या खेपेनंतर येतच नाही.

आता एका कंपनीचा प्रस्ताव आलाय. फोनवर मुलाचा फोटो काढायचा, पाच मिनिटांत 'धोक्याचा गुणांक' मिळतो. वर्षाची वर्गणी आहे. ट्रस्टी एकदम खूश. मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते मुद्देसूद सांगता येत नाही. शिवाय कमी वेळात, कमी पैशांत होणारं काही हवंच आहे हेही खरं. जाणकारांनी लिहा.

पांढरा_रस्सा
फोटोवरून दारूचा परिणाम ओळखणारं ॲप? आमच्या तालमीच्या कट्ट्यावर नेऊ नका म्हणजे झालं, फोन तापून बंद पडंल.

(ताई, गंमत केली, राग मानू नका. विषय गंभीर आहे, वाचतोय.)

स्पष्टवक्ता
मुळात हा आपल्याकडचा प्रश्न आहे का? आपल्या बायका पितात कुठे? तिकडचे आजार इकडे आणायचे, मग तिकडची यंत्रं विकायची. आपल्याकडे पोरं कुपोषित आहेत, त्यांना आधी दूध-अंडी द्या.

एएनएम_ताई
@स्पष्टवक्ता, माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत चला एकदा. नाव गाव सांगणार नाही, पण भट्टी लावणाऱ्या घरात बायकाच रसायन ढवळतात, उतरवतात आणि चव बघतात. फडावर दिवसभर मोळ्या उचलून आलेली बाई 'अंग दुखतंय' म्हणून दोन घोट घेते, त्याला ती पिणं म्हणतच नाही. आणि नुसतं गावाचं कशाला? शहरातल्या हॉटेलात वाढदिवसाला वाइन घेणारी शिकलेली पोरगी, तिला दिवस गेल्याचं दीड महिन्यानं कळतं.

आकडेमोड
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरच्या बायकांत दारू घेणाऱ्या साधारण १ टक्का आणि पुरुषांत १९ टक्के असं आलं आहे. म्हणजे स्पष्टवक्ता अगदीच चूक नाहीत, प्रमाण कमीच आहे. पण घरी येऊन अनोळखी माणसाने विचारल्यावर किती जणी हो म्हणतील, हा भाग सोडून द्या. दुसरं, हा १ टक्का सगळीकडे सारखा पसरलेला नाही. काही वस्त्यांत शून्य, काही ठिकाणी बराच जास्त. जास्वंदीताईंकडे येणारी मुलं दुसऱ्या गटातली आहेत.

स्टेथोस्कोप
बालरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्यातच. थोडं सविस्तर लिहितो.

१९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरात लेमवान या डॉक्टरांनी दारू पिणाऱ्या आयांच्या १२७ मुलांचं वर्णन छापलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी तेच पुन्हा मांडलं आणि नाव दिलं, तेव्हा जग जागं झालं. त्यात चेहऱ्याच्या तीन खुणा पक्क्या झाल्या: डोळ्याची आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतची लांबी कमी, नाक आणि वरच्या ओठामधली उभी पन्हळ सपाट, आणि वरचा ओठ पातळ. तुमचं ॲप बहुधा हेच मोजणार.

हे मोजणं थोतांड नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाचं सॉफ्टवेअर बरीच वर्षं वापरात आहे. त्यात मुलाच्या कपाळावर ठरावीक मापाचा ठिपका चिकटवून फोटो काढतात, म्हणजे फोटोतल्या अंतरावरून खरी लांबी काढता येते. ओठ आणि पन्हळीसाठी १ ते ५ चित्रांचं कार्ड आहे, ४ आणि ५ म्हणजे लक्षण धरायचं. पण मुलाने हसायचं नाही. हसलं की ओठ पातळ होतो आणि पन्हळ सपाट दिसते. पोराला फोन दाखवला आणि ते हसलं नाही, असं तुमच्याकडे किती वेळा होतं?

आता मुख्य अडचण. चेहऱ्यावर या खुणा उमटतात त्या गर्भधारणेनंतरच्या साधारण तिसऱ्या आठवड्यातल्या दारूमुळे. मेंदू मात्र पूर्ण नऊ महिने घडत असतो. त्यामुळे एफएएसडी असलेल्या बहुतेक मुलांचा चेहरा इतरांसारखाच असतो. नुसता चेहरा बघणारं ॲप या सगळ्यांना 'धोका नाही' म्हणून घरी पाठवणार. शिवाय ती मापं आणि ती चित्रं ज्या समाजांतल्या मुलांवरून बसवली, त्यांत आपली मुलं नव्हती. कंपनीला विचारा, भारतीय मुलांच्या डोळ्यांच्या लांबीचे तक्ते कुठले वापरलेत? आणि अशा चेहऱ्याची इतरही कारणं असतात, काही जनुकीय आजार, आईला चालू असलेली फिट्सची काही औषधं. ते वगळायला माणूसच लागतो.

पांढरा_रस्सा
हसलास तर आजारी, गप बसलास तर निरोगी! आमचे हेडमास्तर हेच म्हणायचे.

आकडेमोड
डॉक्टरांनी अर्धं काम केलं, उरलेलं मी करतो. समजा ॲप फार चांगलं आहे. खऱ्या १०० पैकी ९० मुलं पकडतं आणि नसलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडतं. जगाचा २०१७ चा अंदाज हजारात साधारण ८ असा आहे. आपल्याकडे कमी असेल, पण तोच धरू. शाळांमधली १००० मुलं तपासली. खरी ८, त्यातली ७ सापडली. नसलेली ९९२, त्यातल्या ९९ जणांवर उगाच शिक्का. म्हणजे ॲपने बोट दाखवलेल्या १०६ मुलांत खरी ७. बाकीच्या ९९ आयांना गावात काय ऐकावं लागेल, ते तुम्हीच लिहा.

हेच ॲप अशा ठिकाणी लावा जिथे १०० त १० मुलं खरी आहेत. आता हजारात खरी १००, सापडली ९०. नसलेली ९००, चुकून पकडली ९०. म्हणजे बोट दाखवलं त्यातली निम्मी खरी. यंत्र तेच, किंमत तीच, उपयोग वेगळा. म्हणून 'अचूकता ९० टक्के' असं माहितीपत्रकात असेल तर पहिला प्रश्न विचारायचा: कुणावर तपासून?

स्पष्टवक्ता
हे पटलं. सरसकट सगळ्यांची तपासणी नको, हेच माझं म्हणणं होतं.

एएनएम_ताई
तुमचं म्हणणं 'आपल्याकडे नाहीच' असं होतं. वर जाऊन वाचा.

भुदरगडचा_मास्तर
निदानाचं डॉक्टर बघतील, मी वर्गातलं सांगतो. माझ्याकडे चौथीत एक मुलगा होता. सोमवारी सातचा पाढा घडाघडा. मंगळवारी कोरी पाटी. बुधवारी पुन्हा निम्मा आला. मी समजलो नाटक करतोय. एकदा सगळ्या वर्गाला सांगितलं, "दप्तर ठेवा, हात धुवा, डबा काढा आणि ओळीत बसा." हा दप्तर ठेवून तिथेच उभा. पुढचं सगळं हवेत गेलेलं. मग मी त्याला एका वेळी एकच सांगायला लागलो, तेही नाव घेऊन, नळाकडे बोट करून. फरक पडला. शिक्षा केली तर कशाबद्दल केली हे त्याला संध्याकाळपर्यंत जोडता यायचं नाही, म्हणून शिक्षाही सोडली. त्याला एफएएसडी होतं का, देव जाणे. कुणी तपासलंच नाही.

मग माझा प्रश्न: शिकवण्याची पद्धत निदानाशिवाय बदलता येत असेल, तर एवढा खटाटोप कशाला?

घरकुल
मास्तर, मी दत्तक आई आहे, म्हणून उत्तर देते. तुम्ही बदललात, पण पाचवीला शाळा बदलली की पुढचे गुरुजी पुन्हा छडी घेऊन तयार. माझ्या मुलीच्या बाबतीत कारण कळेपर्यंत मी स्वतःलाच दोष देत होते, नातेवाईक 'रक्त बोलतं' म्हणत होते. नाव मिळाल्यावर निदान घरातली भांडणं थांबली. सासूबाई आता तिला एकेक काम सांगतात आणि झालं की दुसरं.

पण चुकीचं नावही भोगलंय. आधी एका ठिकाणी मतिमंद म्हणून सांगितलं, एका ठिकाणी नुसतं चंचल म्हणून गोळ्या दिल्या. त्यामुळे पाच मिनिटांत कुणी काही छापून दिलं तर मी तरी तो कागद फाडीन.

थंडीतली_कोल्हापूरकर
मी मूळची उत्तरेश्वर पेठेची, आता कॅनडात शाळेत मदतनीस म्हणून काम करते. इथे २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मेंदूच्या कामाचे दहा विभाग पाडलेत: स्मरण, भाषा, लक्ष, शाळेतली प्रगती, रोजच्या जगण्यातली कौशल्यं वगैरे. त्यातल्या किमान तीनमध्ये गंभीर अडचण हवी. चेहऱ्याच्या तिन्ही खुणा असतील तर आईच्या दारूचा पुरावा नसला तरी चालतो. खुणा नसतील तर पुरावा लागतो. श्रीमंत देश असूनही तपासणीसाठी पोरं रांगेत ताटकळतात. म्हणूनच छोट्या तपासण्यांवर इथे काम चालू आहे. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघताना मुलाची नजर कशी हलते ते मोजतात. ठिपक्याकडे बघू नको, उलट बाजूला बघ म्हटलं की या मुलांना स्वतःला आवरणं अवघड जातं. अमेरिकेत काही प्रश्नावल्या आणि मोजमापं एकत्र करून टप्प्याटप्प्याने निर्णय घेणारी पद्धत बसवली आहे. पण यातलं काहीही शेवटचं निदान म्हणून वापरत नाहीत. पुढे कुणाला पाठवायचं, एवढंच त्यातून ठरतं.

बाकी इथे बर्फ आहे आणि मिसळ नाही.

पांढरा_रस्सा
ताई पत्ता द्या, कट पार्सल करतो. थंडीनं घट्ट झाला तर ब्रेडला लावून खावा.

नवी_आई
मधेच विचारते, रागावू नका. सर्दी झाली की बाळाच्या छातीला ब्रँडी चोळतात, आमच्याकडे बोटभर चाटवतातही. आणि मला बाळंतपणानंतर दशमूलारिष्ट दिलं होतं. त्यानेही हे होतं का?

स्टेथोस्कोप
नाही. एफएएसडी म्हणजे बाळ पोटात असतानाचा परिणाम. पण ब्रँडी चाटवणं आणि चोळणं दोन्ही ताबडतोब बंद करा, तान्ह्या बाळाची साखर उतरू शकते. आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर लिहिलेलं असतं. गरोदरपणात वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणात अमुक एवढी चालते असं सुरक्षित प्रमाण कुणालाही ठरवता आलेलं नाही, वाइन असो वा गावठी.

कट्ट्यावरचा
आणि बापाच्या दारूचं काय? सगळं बाईच्याच माथी?

एएनएम_ताई
हा प्रश्न पुरुषाने विचारला, बरं वाटलं. आमच्याकडे बाटली आडवी करायला मतदान झालं तेव्हा रांगेत बायका होत्या आणि झाडाखाली बसून हसणारे कोण होते ते सगळ्या गावाने पाहिलंय.

स्टेथोस्कोप
निदान आईच्या गरोदरपणातल्या दारूवरच होतं. पण बाप पीत असेल तर आईनेही घेण्याची शक्यता वाढते. मारहाण, उपासमार आणि ताण हे त्यावर वेगळे. बापाच्या बीजावरच्या परिणामाचं संशोधन चालू आहे, आत्ता तपासणीत त्याचा उपयोग नाही.

कट्ट्यावरचा
रक्त तपासून कळत नाही का? म्हणजे भानगडच मिटली.

स्टेथोस्कोप
बाळाची पहिली काळी शी तपासून गरोदरपणाच्या उत्तरार्धातली दारू कळू शकते, पण ती जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत गोळा करावी लागते. आईच्या रक्तातली एक तपासणी मागच्या काही आठवड्यांचं सांगते. आठ वर्षांच्या मुलासाठी दोन्ही निरुपयोगी.

जास्वंदीताई, तुमचा मूळ प्रश्न स्वस्त तपासणीचा होता. माझ्या मते सुरुवात अशी करावी. मोजपट्टीने डोक्याचा घेर, उंची, वजन. श्रवण आणि दृष्टी. हिमोग्लोबिन, थायरॉइड. हे सगळं सरकारी रुग्णालयात होतं. मुलाला ऐकूच कमी येत असेल तर बाकीच्या चाचण्यांना अर्थ नाही, आणि हे मी वारंवार बघतो. मग बुद्ध्यांक. कामतांची बिने चाचणी मराठी-कानडी मुलांसाठीच बसवलेली आहे, जुनी झाली तरी मानसशास्त्रज्ञ ती वापरतात. आणि त्याच्याबरोबर व्हाइनलँड, म्हणजे मूल रोजच्या जगण्यात काय काय स्वतः करू शकतं याची पालकांना विचारून भरायची चाचणी. ही सोडू नका. एफएएसडीच्या बऱ्याच मुलांचा बुद्ध्यांक ७० च्या, म्हणजे बौद्धिक अक्षमतेच्या रेषेच्या, वर असतो, त्यामुळे 'ठीक आहे' म्हणून परत पाठवतात. पण रोजच्या जगण्याचे गुण त्यापेक्षा फार खाली असतात. ही दरी दिसली, शिवाय आईच्या दारूची माहिती असली, तर त्या मुलाला पूर्ण तपासणीसाठी पाठवायचं. मग खेप वाया जात नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत येतात, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्या योजनेत जिल्ह्याला एक लवकर हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे पाठवायची चिठ्ठी पथकाकडून घ्या. त्यांच्या यादीत एफएएसडी हे नाव नाही, पण विकासातला विलंब आहे, शिकण्यातली अडचण आहे. त्या दारातून आत जा.

काळा_कोट
कायद्याचं दोन ओळींत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, एफएएसडी त्यात नाही. प्रमाणपत्र बौद्धिक अक्षमता किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता या नावानेच मिळेल, निकषात बसलं तर. म्हणजे घरकुल यांना नावाचा घरात उपयोग झाला, सरकारदरबारी अजून नाही.

आणि ते फोटो. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ मनाई करतो. २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. आजीचा अंगठा घेऊन भागणार नाही. फोटो कुठल्या सर्व्हरवर जातात, किती वर्षं राहतात, त्यावर कंपनी पुढचं ॲप शिकवणार का, हे लेखी मागा. ट्रस्टी या एका परिच्छेदाने गप होतात, अनुभव आहे.

भुदरगडचा_मास्तर
दारूची माहिती आईकडून काढायची कशी पण? मी एकदा पालकसभेत सहज विचारलं, ती बाई परत शाळेत फिरकली नाही.

एएनएम_ताई
सभेत विचारलंत मास्तर! चारचौघांत कोण सांगेल?

मी सगळ्या गरोदर बायांना विचारते, एकाच सुरात. एखादीलाच विचारलं की संपलं. आधी सासूला पाणी आणायला नाहीतर कार्ड शोधायला आत पाठवते. मग मिश्रीपासून सुरू. "दिवसातून किती वेळा लावता?" लावता का, असं नाही, किती वेळा. मग तंबाखू. मग, "दिवस गेल्याचं कळायच्या आधी जत्रेला, लग्नात, अंगदुखीला म्हणून कधी घेतली होती?" कळायच्या आधी म्हटलं की तिला वाटतं आपली चूक नाही, आणि सांगते. मग मी "बरं" म्हणते आणि लिहून घेते. तोंड वाकडं करत नाही. आता थांबलीस तरी बाळाचा फायदा आहे, एवढंच सांगते. मुलं मोठी असतील तर त्या गरोदरपणाबद्दल विचारायचं, आताच्या पिण्याबद्दल नाही.

या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. आणि हे उत्तर नसेल तर तुमचं ॲप, ती नजर मोजायची मशीन, सगळं अर्धवटच ना डॉक्टर?

स्टेथोस्कोप
चेहऱ्याच्या तिन्ही खुणा एकत्र दिसत नसतील तर हो, अर्धवटच. हा प्रतिसाद छापून आमच्या बाह्यरुग्ण विभागात लावतो.

स्पष्टवक्ता
पण इलाज आहे का? औषध नसेल तर शोधून उपयोग काय, हे कुणीच सांगितलं नाही.

थंडीतली_कोल्हापूरकर
मेंदूची झालेली हानी भरून काढणारं औषध नाही. पण १९९६ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी ४१५ जणांचा अभ्यास केला होता. शाळा सुटणं, पोलिसांचा ससेमिरा, व्यसन हे पुढचे त्रास कमी होण्याशी दोन गोष्टी जोडलेल्या दिसल्या: सहा वर्षांच्या आत निदान आणि स्थिर, प्रेमाचं घर. म्हणून घाई. म्हणून स्वस्तही हवं, कारण सहा वर्षांच्या आतलं मूल रांगेतच सातचं होतं.

घरकुल
आणि आईचं पुढचं बाळ वाचतं, हेही लिहा.

जास्वंदी
सगळ्यांचे आभार. काळा_कोट यांचा परिच्छेद ट्रस्टींच्या बैठकीत जसाच्या तसा वाचला. वर्गणीचा विषय मागे पडला. एक ट्रस्टी अजून म्हणताहेत की फुकट चाचणी काळ तरी वापरून बघू. कंपनीला 'कुणावर तपासून' हे विचारलंय, उत्तरात रंगीत माहितीपत्रक पुन्हा आलं.

ते पैसे आता मानसशास्त्रज्ञांना महिन्यातून एक दिवस संस्थेत बोलवायला वापरायचे ठरलंय, बिने आणि व्हाइनलँड दोन्हीसाठी. आजीने गावातून इथवरच यायचं, आणि एसटीचं तिकीट व बुडालेला रोज संस्था देणार. त्याआधी सगळ्या मुलांची श्रवण तपासणी. एएनएमताई, आमच्या दोन शिक्षिकांना तुमच्याबरोबर गृहभेटीला पाठवलं तर चालेल का? प्रश्न कसा विचारायचा ते कागदावरून शिकता येणार नाही.

एएनएम_ताई
पाठवा की. लसीकरणाचा वार सोडून कधीही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी एक अर्ज द्या. पाटी-पेन नको, हातात वही दिसली की बाया गप होतात. आणि ज्या मुलांची माता-बाल कार्डं घरात सापडतील ती मागून ठेवा, जन्माचं वजन त्यावर असतं.

पांढरा_रस्सा
तालमीतनं एक सुमो मिळंल गृहभेटीला. डिझेल आमचं. फक्त फोटो काढू नका.